पाठीचा रकाना

धारूरच्या घाटाखाली, खडी केंद्राच्या वळणावर
अजहर मिस्त्रींचं पत्र्याचं गॅरेज.
तिथं वहीचं मागचं पान उघडून बसलोय.
पाट्यांचे तीन संच. टिपर एकच.

पहिला संच पुण्याचा, सोबत हमीचं कार्ड.
दुसरा राजकोटहून गोणपाटात गुंडाळून आलेला.
तिसरा इथलाच: मोडीतले पाटे लालबुंद करून
अजहरभाईंनी घणानं वाकवलेले,
जुन्या ऑइलमध्ये विझवलेले.

टपरीवर निकाल कधीचाच लागलाय.
पुण्याचा महाग म्हणून चांगला,
राजकोटचा स्वस्त म्हणून,
अजहरभाईंचा आपला म्हणून.

मी लिहितो: माल तोच, काट्यावर साडेआठ टन.
खडी कोरडी, ओली खडी काट्याला फसवते.
हवा पहाटे भरायची, टायर थंड असताना.
शॉकपला हात लावायचा नाही.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची,
नाहीतर गुण कुणाचा न् नाव कुणाचं, कळायचं नाही.

चॅसीच्या रबराला खालून ओला गेरू;
अॅक्सल वर आदळला की त्याच्यावर लाल शिक्का.
डॅशबोर्डवर रेघेपर्यंत भरलेला गडवा;
फेरी झाली की उरलेलं पाणी
खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजायचं.

रस्ता मात्र तोच राहत नाही.
वीस फेऱ्यांत मुरूम दबतो, चाकोरी खोल जाते,
काळ्या रानातला पट्टा रोज नवी भेग काढतो.
पहिल्या पाट्याला भेटलेला खड्डा
तिसऱ्याला भेटेल तेव्हा
तो वयानं मोठा झालेला असेल.
म्हणून एक, दोन, तीन. मग उलटं तीन, दोन, एक.

नावांवर काळा रंग मारायचा.
कुठला संच कितवा, याच्या चिठ्ठ्या
पंक्चरवाल्या पोरानं डब्यातून काढायच्या.

अजहरभाई इतका वेळ गप्प होते.
पाना पुसत म्हणाले, "मैं नै बिठाता साब.
काला रंग लगाव, कुछ भी लगाव,
अपने हात का पाटा हात पैचानता.
उसका बोल्ट जरा ज्यादा कसेंगा मेरा हात.
केजसे फिटर बुलाव."

मी ते लिहिलं नाही लगेच.
पेन तसाच धरून
पत्र्याच्या भोकातून पडलेला उन्हाचा रुपया
त्यांच्या चपलेवरून सरकताना बघत राहिलो.

मग वैजनाथ ड्रायव्हर.
एकोणीस वर्षं याच खाणीच्या वाटेवर.
"गडव्यात किती उरलं लिहिताय,
माझ्या कमरेत किती उरलं ते?"
रकाना आखला: पाठ. दहापैकी किती.
"पण मालक, दुसऱ्या दिवशी जी पाठ बसंल
ती कालची खाऊन आलेली असंल.
दुसऱ्या पाट्यावर उगं आळ यायचा."

खरं होतं. एक दिवस चाचणी, एक दिवस आराम.
सहा अन् पाच, अकरा दिवस.
अकरा दिवस टिपर खाणीला नाही.
"आरामाचा पगार?" त्यानं विचारलं नाही,
नुसता वहीकडं बघत राहिला.
लिहिलं: भरपगारी. अक्षर जरा बारीक आलं.

शेवटची ओळ आजच लिहायची,
निकाल बघून नाही:
किती फरक म्हणजे फरक?
पाचच टोपणं जास्त उरली तर
पुण्याचे चौपट पैसे द्यायचे का?
पंधरा टोपणं, मी म्हणालो. दहा, वैजनाथ म्हणाला.
अजहरभाई म्हणाले, वीस.
त्यांचाच पाटा स्वस्त, तरी वीस का,
की म्हणूनच वीस?
बारा लिहिलं, खाली तिघांच्या सह्या.

वैजनाथनं गडवा नळावर भरून आणला,
रेघ ओढायला खिळा शोधत उभा राहिला.
खिळा काही सापडेना.
मग अर्धा गडवा पिऊन टाकला,
तोंड पुसलं,
आणि परत नळाकडं गेला.